आय-थ्रीची ओळख: कळफलकावरून विंडो हाताळायला कसे शिकावे

मूळ इंग्रजी मजकुराची पीडीएफ, लिबरऑफिसमधला मराठी अनुवाद आणि या दोघांच्या मागे कुठेतरी दडलेला ब्राउझरमधला शब्दकोश, अशा तीन विंडो घेऊन दिवसभर काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात कळफलक आणि माउस यांच्यामध्ये किती येरझाऱ्या घालतो, हे त्याने एखाद्या दिवशी मोजून पाहावे. या येरझाऱ्या थांबवण्यासाठी टायलिंग विंडो मॅनेजर वापरता येतो. लिनक्स थोडेफार हाताळलेल्या, परंतु या वाटेला अद्याप न गेलेल्या वाचकाला आय-थ्री हा विंडो मॅनेजर पहिल्या एकदोन आठवड्यांत कसा आत्मसात करता येईल, ते या लेखात सांगितले आहे.

नेहमीच्या डेस्कटॉपवर विंडो टेबलावर पसरलेल्या कागदांसारख्या एकमेकींवर पडलेल्या असतात. हवा तो कागद वर काढणे, नको तो बाजूला सारणे, कडा धरून लहानमोठा करणे, ही सारी उस्तवार आपणच करायची असते. टायलिंग विंडो मॅनेजर ती स्वतःकडे घेतो आणि जमिनीवर लाद्या बसवाव्यात तशा विंडो एकमेकींना खेटून बसवतो, त्यामुळे पडद्यावरची जागा वाया जात नाही आणि कोणतीही विंडो दुसरीखाली झाकली जात नाही. ही कल्पना वाटते तितकी नवीही नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोज १.० मध्ये विंडो अशाच शेजारी शेजारी बसत. त्यांना एकमेकींवर चढण्याची मुभा १९८७ मधल्या विंडोज २.० ने दिली.

आय-थ्री हा मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला मुक्त प्रकल्प आहे. इंटेलच्या त्याच नावाच्या प्रोसेसरशी त्याचा काही संबंध नाही, पण माहिती शोधताना हा घोटाळा हटकून होतो. या जातीचे इतरही विंडो मॅनेजर आहेत. त्यांपैकी डीडब्ल्यूएममध्ये साधी कळ बदलायची तरी सी भाषेतली फाइल दुरुस्त करून कार्यक्रम पुन्हा कंपाइल करावा लागतो, तर एक्समोनॅडची मांडामांड हास्केल भाषेत लिहावी लागते. आय-थ्रीची कॉन्फिग फाइल, म्हणजे त्याच्या कळा आणि सेटिंग लिहिलेली फाइल, साध्या मजकुराची असून इंग्रजी वाचता येणाऱ्या कोणालाही ती पुष्कळशी कळते. नवशिक्याला मी आय-थ्रीच सुचवतो, ते या एका कारणासाठी.

बसवणे आणि पहिला प्रवेश

डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज मॅनेजरला आय-थ्री या नावाचे पॅकेज मागितले की तळाची पट्टी, पडदा कुलूपबंद करण्याची सोय आणि कार्यक्रम सुरू करण्याचा छोटा मेन्यू हे सारे त्यासोबत येते. आधीचा डेस्कटॉप मात्र काढून टाकू नये. दोन्ही एकाच संगणकावर सुखाने नांदतात आणि घाईचे काम आले की जुन्या घरी परतता येते. बसवून झाल्यावर लॉग आउट करावे, लॉगिनच्या पडद्यावर सत्र निवडण्याचा पर्याय शोधावा (तो बहुधा दातेरी चाकाच्या चिन्हाखाली असतो) आणि आय-थ्री निवडून पासवर्ड द्यावा.

पहिल्याच प्रवेशाला दोन प्रश्न विचारले जातात. कॉन्फिग फाइल तयार करू का, या पहिल्या प्रश्नाला एंटर दाबून होकार द्यावा. दुसरा प्रश्न मॉड कळीचा आहे. ही कळ धरून ठेवून दुसरी कळ दाबली की ती आज्ञा आय-थ्रीसाठी आहे असे समजले जाते, म्हणून तिची निवड विचारपूर्वक करावी. विंडोजचे चिन्ह असलेली विन कळ आणि ऑल्ट असे दोन पर्याय समोर येतात. ऑल्टवर इतर कार्यक्रमांनी आधीच हक्क सांगितलेला असतो. कितीतरी ठिकाणी ऑल्ट आणि एफ दाबल्यावर फाइल मेन्यू उघडतो. म्हणून विन कळ निवडावी. पुढे जिथे मॉड म्हटले आहे तिथे ही विन कळ समजावी.

यानंतर समोर येतो तो काळा पडदा आणि तळाशी एक बारीक पट्टी. चिन्हे नाहीत, मेन्यू नाही, चित्र नाही. याच क्षणी अनेकजण काहीतरी बिघडले असे समजून पॉवरचे बटण दाबतात. बिघडलेले काहीच नसते. पट्टीच्या डाव्या टोकाला १ हा आकडा असतो आणि उजवीकडे नेटवर्क, बॅटरी, डिस्कवरील मोकळी जागा, वेळ अशी माहिती असते. पाण्यात उतरण्याआधी बाहेर पडायची पायरी पाहून ठेवावी, तशी सर्वांत आधी मॉड + शिफ्ट + ई दाबून बाहेर पडण्याची सोय पाहून घ्यावी. खरोखर बाहेर पडायचे आहे का, असे विचारणारी पट्टी वरच्या कडेला येते आणि तिच्यावरचे बटण माउसने दाबावे लागते.

पहिल्या दिवशीच्या कळा

पहिल्या दिवशी मोजक्याच आज्ञा शिकाव्यात आणि त्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवाव्यात. मॉड + एंटरने टर्मिनल उघडते. मॉड + डीने पडद्याच्या कडेला एक अरुंद पट्टी उघडते, तिच्यात कार्यक्रमाच्या नावाची पहिली दोनतीन अक्षरे टाइप करून एंटर दाबले की तो कार्यक्रम सुरू होतो. मॉड + शिफ्ट + क्यूने समोरची विंडो बंद होते. एका विंडोतून दुसरीत जाण्यासाठी मॉड आणि बाणाच्या कळा वापराव्यात. त्याच बाणांना शिफ्टची जोड दिली की विंडो स्वतःच त्या दिशेला सरकते.

बाणांऐवजी जे, के, एल आणि सेमीकोलन या कळाही चालतात आणि त्या अनुक्रमे डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे नेतात. व्हीआय हा संपादक वापरणारे लोक येथे कुरकुर करतात, कारण त्यांच्या बोटांना एच, जे, के, एल यांची सवय असते. परंतु ज्यांनी टायपिंगच्या क्लासला ए-एस-डी-एफ आणि जे-के-एल-सेमीकोलन असे महिनाभर घोटले आहे, त्यांच्या लगेच ध्यानात येईल की उजव्या हाताची चार बोटे जिथे विसावलेली असतात, नेमक्या त्याच या चार कळा आहेत. बोट जागचे हलवावेच लागत नाही. बाणांनी सुरुवात करून दुसऱ्या आठवड्यात या कळांकडे वळावे, असे माझे मत आहे.

झाड समजून घेणे

येथवरचे काम पाठांतराचे होते. यापुढे आय-थ्रीची जागा वाटण्याची रीत समजून घ्यावी लागते, आणि ती न समजल्यामुळेच बहुतेक लोक तिसऱ्या दिवशी त्याला सोडून जातात. पुष्कळसे टायलिंग विंडो मॅनेजर ठरलेल्या साच्यांनुसार विंडो आपोआप रचतात. आय-थ्री तसे करत नाही. पुढची विंडो कुठे बसावी, हे आपण सांगायचे आणि त्याने मानायचे.

अनुवादाचेच उदाहरण घेऊ. रिकाम्या पडद्यावर पीडीएफ उघडली की ती सगळा पडदा व्यापते. मग लिबरऑफिस उघडले की ते पीडीएफच्या उजवीकडे बसते आणि दोघांना निम्मी निम्मी जागा मिळते. आता काहीच न सांगता ब्राउझर उघडला तर तोही उजवीकडे जाऊन बसेल आणि तीन अरुंद उभ्या पट्ट्या तयार होतील, ज्यांतल्या एकीतही धड वाचता येणार नाही. म्हणून लिबरऑफिसमध्ये असतानाच मॉड + व्ही दाबावे. दिसायला फारसे काही होत नाही, पण नीट पाहिले तर विंडोच्या खालच्या कडेवर एक बारीक निळसर रेघ उमटलेली दिसते; पुढची विंडो येथे येणार, अशी ती खूण आहे. आता ब्राउझर उघडला की तो लिबरऑफिसच्या खाली बसतो आणि डावीकडच्या पीडीएफला धक्काही लागत नाही.

जे घडले ते असे. मॉड + व्हीने उजव्या अर्ध्या भागात एक कंटेनर तयार केला आणि लिबरऑफिस त्याच्या पोटात ठेवले; ब्राउझर आला तोही त्याच पोटात. म्हणजे वर्कस्पेस (एका वेळी समोर असलेला आभासी पडदा, असे अनेक ठेवता येतात) हे खोड, त्याला पीडीएफ आणि हा कंटेनर अशा दोन फांद्या, आणि कंटेनरच्या फांदीला दोन पाने. शेजारी शेजारी विभागणी हवी असेल तेव्हा मॉड + एच दाबावे. येथे एक गफलत नेहमी होते: आडवी विभागणी म्हणजे विंडो आडव्या ओळीत मांडणे, मधली रेघ आडवी असणे नव्हे. मला स्वतःला हे पचायला आठवडा लागला.

फांदी एकदा दिसू लागली की पुढची युक्ती सोपी होते. लिबरऑफिस आणि ब्राउझर एकाखाली एक ठेवले तर दोन्ही बुटके होतात. त्यांपैकी कोणत्याही एकात असताना मॉड + डब्ल्यू दाबले की उजवा अर्धा भाग टॅबमध्ये बदलतो. माथ्यावर दोन शीर्षके, खाली त्यांतली एक विंडो पूर्ण उंचीने, आणि डावीकडे पीडीएफ जिथल्या तिथे. मूळ मजकूर सतत डोळ्यांसमोर राहतो, आणि अनुवाद व शब्दकोश डावीउजवीकडच्या एका कळीने आलटूनपालटून पुढे येतात. मॉड + एसने शीर्षके एकाखाली एक रचली जातात, मॉड + ईने पुन्हा साधी विभागणी होते आणि मॉड + एफने समोरची विंडो संपूर्ण पडदा व्यापते. १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचा पडदा असलेल्या लॅपटॉपवर अर्धा भाग जेमतेम ६८३ पिक्सेल रुंद असतो, हे लक्षात घेतले तर अशा यंत्रांवर विभागणीपेक्षा टॅब अधिक का वापरावेत, ते वेगळे सांगायला नको.

मॉड + एने पान सोडून फांदी निवडली जाते. त्यानंतर विंडो सरकवण्याची आज्ञा दिली तर फांदीतल्या सगळ्या विंडो एकत्र सरकतात. ही सोय उत्तम आहे, पण तिच्यासोबत एक धोकाही येतो, आणि तो मी स्वखर्चाने शिकलो. फांदी निवडलेली आहे हे विसरून मी एक टर्मिनल बंद करायला मॉड + शिफ्ट + क्यू दाबले आणि एका झटक्यात तिन्ही टर्मिनले नाहीशी झाली, त्यांपैकी एकात चालू असलेली मोठ्या फाइलींची नक्कलही अर्ध्यावर तुटली. लिबरऑफिससारखे कार्यक्रम बंद होण्याआधी जतन करायचे का, असे विचारतात. टर्मिनलकडून त्या सौजन्याची अपेक्षा ठेवू नये.

काही दिवसांनी कधीतरी कंटेनरात कंटेनर अडकून मांडणीचा पार गुंता होतो. तो सोडवत बसू नये. एकेक विंडो रिकाम्या वर्कस्पेसवर पाठवावी. तिथे ती मांडणी नव्याने सरळ सुरू होते.

वर्कस्पेस

मॉडसह १ ते ९ आणि ० हे आकडे दाबून दहा वर्कस्पेसवर जाता येते, आणि शिफ्टची जोड दिली की समोरची विंडो त्या वर्कस्पेसवर जाते. आकडा दाबताच वर्कस्पेस निर्माण होतो आणि रिकामा सोडून निघालो की आपोआप नाहीसा होतो, त्यामुळे त्याची वेगळी व्यवस्था पाहावी लागत नाही.

येथे माझा आग्रह एवढाच आहे की प्रत्येक कामाला कायमचा आकडा द्यावा आणि तो मोडू नये. मिसळणाच्या डब्यात हळद कुठल्या वाटीत आहे हे रोज स्वयंपाक करणाऱ्याला पाहावे लागत नाही. हात आपोआप तिथेच जातो. माझ्याकडे १ वर टर्मिनल, २ वर ब्राउझर, ३ वर लेखन आणि ९ वर मेल असते. तीनचार आठवड्यांत ब्राउझर हवा असे मनात येताच बोट २ वर गेलेले असते. विंडो शोधणे हा प्रकारच उरत नाही, आणि माझ्या मते आय-थ्रीचा खरा लाभ हाच आहे. लाद्यांसारखी मांडणी त्यामानाने दुय्यम आहे.

मराठी टंकलेखनाची अडचण

मराठी लिहिणाऱ्याला एक अडचण पहिल्याच दिवशी येते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचे उत्तर सहसा सापडत नाही. देवनागरीसाठी आपल्यापैकी बरेचजण आयबस हा भाषा बदलून टाइप करू देणारा कार्यक्रम वापरतात आणि त्यात भाषा बदलण्याची ठरलेली कळजोडी विन + स्पेस अशी असते. आपण मॉड म्हणून विन कळ निवडली आहे आणि आय-थ्रीत मॉड + स्पेसला तरंगत्या विंडो व बसवलेल्या विंडो यांच्यात ये-जा करण्याचे काम दिलेले आहे. दोघांनी एकच कळजोडी मागितली की पहिला येणारा ती घेतो, आणि तो बहुधा आय-थ्री असतो. परिणामी कितीही दाबले तरी इंग्रजीची मराठी होत नाही आणि वापरणारा फाँटला दोष देत बसतो. आयबसच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथली कळजोडी बदलणे हा सर्वांत साधा उपाय आहे. आयबस मुळात सुरूच झाला नसेल तर तो सुरू करणारी ओळ कॉन्फिग फाइलमध्ये घालावी लागते.

आयबस न वापरता कळफलकाची मांडणीच इन्स्क्रिप्टमध्ये बदलत असाल आणि देवनागरी चालू असताना आज्ञा चालेनाशा झाल्या, तर कॉन्फिगमध्ये बाइंडसिमऐवजी बाइंडकोड वापरावे. पहिला शब्द कळीवरचे अक्षर ओळखतो, दुसरा कळीची जागा ओळखतो. मांडणी वारंवार बदलूनही आज्ञा त्याच जागी हव्या असणाऱ्यांना आय-थ्रीच्या अधिकृत मार्गदर्शिकेनेही कळीच्या क्रमांकाचाच मार्ग सुचवला आहे.

कॉन्फिग फाइल

होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरात आय-थ्री नावाचे फोल्डर आणि त्यात कॉन्फिग नावाची फाइल असते. तिच्यातली आज्ञेची ओळ तीन भागांची असते: आधी बाइंडसिम हा शब्द, मग अधिकच्या चिन्हाने जोडलेल्या कळा, आणि शेवटी करायचे काम. बाहेरचा कार्यक्रम चालवायचा असेल तर त्या कामाच्या आधी एक्झेक लिहायचे. उदाहरणार्थ, पडदा कुलूपबंद करायला कळजोडी हवी असेल, तर बाइंडसिमनंतर न वापरलेली एखादी कळजोडी, मग एक्झेक आणि त्यापुढे आय-थ्री-लॉक, एवढी एक ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप केली की झाले. फाइल जतन करून मॉड + शिफ्ट + सी दाबले की बदल लागू होतात. चूक झाली असेल तर पडद्याच्या माथ्यावर लाल पट्टी येते आणि तिच्यावरच्या बटणाने चूक कुठल्या ओळीत आहे ते पाहता येते. मॉड + शिफ्ट + आरने आय-थ्री जागच्या जागी पुन्हा सुरू होतो आणि उघडलेल्या विंडो तशाच राहतात.

नुसते एक्झेक लिहून कळजोडीशिवाय दिलेली आज्ञा फक्त लॉगिनच्या वेळी चालते. नवशिके अशी ओळ घालून मॉड + शिफ्ट + सी दाबतात आणि काहीच घडले नाही म्हणून ओळ चुकली असे समजतात. ओळ बरोबर असते; लॉग आउट करून परत यावे लागते.

इतरांच्या सजवलेल्या कॉन्फिग फाइली जशाच्या तशा उतरवून घेऊ नयेत, असे मी आवर्जून सांगेन. दुसऱ्याच्या चारशे ओळींत कोणती कळ काय करते हे शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात आपल्या गरजेच्या वीस ओळी लिहून होतात. जानेवारी २०२३ मधल्या ४.२२ आवृत्तीपासून विंडोंमध्ये मोकळी जागा सोडण्याची सोय मूळ आय-थ्रीतच आली आहे आणि छायाचित्रांत ती देखणी दिसते. लहान पडद्यावर मात्र ती निव्वळ उधळपट्टी आहे. त्यापेक्षा वर्कस्पेस-ऑटो-बॅक-अँड-फोर्थ हा पर्याय चालू करावा, म्हणजे त्याच वर्कस्पेसचा आकडा पुन्हा दाबल्यावर आधीच्या वर्कस्पेसवर परतता येते. ठरावीक कार्यक्रम ठरावीक वर्कस्पेसवरच उघडावा यासाठी असाइन ही आज्ञा आहे. तिला विंडोचा वर्ग सांगावा लागतो, आणि टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप चालवून त्या विंडोवर क्लिक केले की तो वर्ग कळतो.

प्रोजेक्टर जोडण्याआधी

दुसरा पडदा जोडला की तो आपोआप उजळतो, ही सवय येथे सोडावी लागते. एका कार्यशाळेत तीसचाळीस लोकांसमोर मी केबल जोडली आणि भिंत निळीच राहिली. केबल बदलून झाली, प्रोजेक्टर बंद-चालू करून झाला, आणि दहा मिनिटांनी मला आठवले की आय-थ्रीत पडदा चालू करण्याची आज्ञा आपणच द्यायची असते. टर्मिनलमध्ये एक्सरँडर ही आज्ञा ऑटो पर्यायासह चालवली की नवा पडदा जागा होतो. केबल काढल्यावरही तीच आज्ञा पुन्हा द्यावी, म्हणजे तिकडे गेलेले वर्कस्पेस लॅपटॉपवर परत येतात. ही आज्ञा एखाद्या कळजोडीला बांधून ठेवावी आणि घरच्या टीव्हीवर एकदा तालीम करून पाहावी. पडदे चित्रात ओढून मांडायचे असतील तर अ‍ॅरँडर हा छोटा कार्यक्रम सोयीचा आहे.

आय-थ्री एक्स११ या जुन्या चित्रप्रणालीवर चालतो. ज्यांचे लिनक्स वितरण वेलँड या नव्या चित्रप्रणालीकडे वळले आहे त्यांच्यासाठी स्वे हा विंडो मॅनेजर आहे. त्याची १.० आवृत्ती मार्च २०१९ मध्ये आली आणि आय-थ्रीची कॉन्फिग फाइल त्यात बहुतांशी तशीच चालते, त्यामुळे येथे शिकलेल्या कळा तिकडे फुकट जात नाहीत. एक्सरँडर मात्र तिथे उपयोगी पडत नाही. पडद्यांची मांडणी कॉन्फिगमध्येच आउटपुट या शब्दाने सांगावी लागते. देवनागरी मांडणी चालू असताना आज्ञा अडल्या, तर स्वेमध्ये बाइंडसिमलाच टू-कोड हा पर्याय जोडता येतो आणि ओळी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत.